एका मैदानाचा निरोप

माणसाला माणसांची ओढ असते, तशीच जागेचीही असते. ज्या अंगणात आपण रांगलो, ज्या चर्चमध्ये आपला बाप्तिस्मा झाला, ज्या दफनभूमीत आपले आईवडील विसावले आहेत, त्या ठिकाणांकडे आपण निव्वळ दगडमाती म्हणून पाहू शकत नाही. धार्मिक वास्तूंच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांना मान्य असते. परंतु एखाद्या खेळाच्या मैदानाविषयी कोणी याच भाषेत बोलू लागला, तर ऐकणाऱ्याच्या ओठांवर किंचित हसू उमटते. मैदान ते मैदान, त्यासाठी डोळ्यांत पाणी कशाला, असा आपला सूर असतो.

१८ मे २०२५ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाने गुडिसन पार्क या मैदानावर आपला अखेरचा सामना खेळला. साउदॅम्प्टनवर दोन गोलांनी विजय मिळाला आणि ते दोन्ही गोल इलिमान एनडिआय या सेनेगलच्या खेळाडूने केले. परंतु त्या दिवशी निकालाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. १८९२ पासून चालत आलेला सहवास त्या दिवशी संपत होता. नातवंडांचा हात धरून आलेली वृद्ध माणसे डोळे पुसत होती. सामना संपला तरी लोकांचा पाय तेथून निघत नव्हता. आम्ही त्या मैदानात कधी पाऊल ठेवलेले नाही. तरीही दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते दृश्य पाहताना त्याकडे करमणूक म्हणून पाहणे आम्हांला जमले नाही. या अश्रूंमागे काय आहे, हे समजून घ्यायचे तर त्या मैदानाचा इतिहास थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे.

लिव्हरपूल हे मर्सी नदीच्या मुखावरील बंदर. आपल्या मुंबईचा आणि या शहराचा संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा तेथला कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईहून निघालेल्या कापसाच्या गासड्या याच बंदरात उतरू लागल्या. मुंबईच्या सुप्रसिद्ध कापूसतेजीचे मूळ तेथे आहे. त्याआधी, १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात, आयर्लंडमधील हजारो उपाशी कुटुंबे याच बंदरात उतरली होती. त्यांपैकी बहुसंख्य कॅथलिक होती. गोदीकामगार, खलाशी, हमाल, विणकर अशा कष्टकऱ्यांचे हे शहर. सहा दिवस राबायचे आणि सातव्या दिवशी उपासनेला जायचे, असा त्यांचा क्रम. पुढे शनिवारी दुपारी सुटी मिळू लागली आणि त्या रिकाम्या दुपारी फुटबॉल आला.

एव्हर्टन क्लबचा जन्म एका प्रार्थनामंदिरात झाला. शहराच्या एव्हर्टन भागात सेंट डोमिंगो नावाचे मेथडिस्ट पंथाचे चॅपेल होते. रेव्हरंड बेन स्विफ्ट चेंबर्स हे तेथील धर्मोपदेशक. वस्तीतील तरुणांना चांगले वळण लागावे म्हणून त्यांच्या प्रोत्साहनाने तेथे क्रिकेटचा संघ उभा राहिला. इंग्लंडच्या हिवाळ्यात क्रिकेट खेळता येत नाही, म्हणून १८७८ साली याच मुलांनी फुटबॉलचा संघ काढला. स्टॅन्ली पार्क या सार्वजनिक उद्यानात ते खेळत. चॅपेलबाहेरचीही मुले येऊ लागली, तेव्हा १८७९ मध्ये संघाने चॅपेलचे नाव सोडून वस्तीचे नाव धारण केले. आपल्याकडे धर्मग्रामाच्या युवक मंडळातून एखादा संघ निघावा, तसाच हा प्रकार. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांमध्ये एव्हर्टनचे नाव होते. चॅपेलच्या पोरांनी दहा वर्षांत एवढा पल्ला गाठला होता.

त्या वेळी एव्हर्टनचे मैदान होते ॲनफिल्ड. आज ते नाव उच्चारताच लिव्हरपूल क्लब आठवतो, परंतु १८८४ पासून आठ वर्षे तेथे एव्हर्टन खेळत असे. जॉन होल्डिंग हे बिअरचे उत्पादक क्लबचे अध्यक्ष होते आणि मैदानावर हक्कही त्यांचाच होता. क्लबची भरभराट होऊ लागली तसे भाडे वाढले आणि सभासदांत असंतोष पसरला. जॉर्ज महॉन हे या असंतोषाचे पुढारी. पेशाने हिशेबनीस आणि आपल्या मेथडिस्ट चॅपेलचे ऑर्गनवादक. ॲनफिल्ड सोडावे असे त्यांनी सुचविले, तेव्हा दुसरे मैदान मिळणार कोठे, असा उपहास झाला. नव्या जागेचा करार आपल्या खिशातच आहे, असे उत्तर महॉन यांनी दिल्याचे सांगतात. क्लबचे एक संचालक डॉ. जेम्स बॅक्स्टर यांनी एक हजार पौंड बिनव्याजी दिले. ॲनफिल्डपासून मैलाच्या आत, स्टॅन्ली पार्कच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वी रोपवाटिका असलेले एक पडीक रान होते. ते सपाट करून तेथे गुडिसन पार्क उभे राहिले. २४ ऑगस्ट १८९२ रोजी उद्घाटन झाले. त्या दिवशी फुटबॉलचा सामना नव्हता. सुमारे बारा हजार लोकांनी धावण्याच्या शर्यती पाहिल्या, संगीत ऐकले आणि शोभेचे दारूकाम पाहून ते घरी गेले. इकडे रिकाम्या झालेल्या ॲनफिल्डसाठी होल्डिंग यांनी नवा संघ काढला. तोच लिव्हरपूल फुटबॉल क्लब. एका घराच्या वाटण्या होऊन दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी राहू लागावेत, तशी ही कथा आहे.

गुडिसन पार्कच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूक हे अँग्लिकन चर्च आहे. मैदान झाले तेव्हा तेथे लाकडी चर्च होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की इमारत झाली. प्रेक्षकांसाठी मैदानाभोवती उंच सज्जे बांधण्यात आले. बुलन्स रोडचा सज्जा १९२६ मध्ये आणि ग्लॅडिस स्ट्रीटचा १९३८ मध्ये झाला. आर्चिबाल्ड लीच या नामवंत स्थापत्यकाराने आखलेल्या लोखंडी तुळयांची निळी-पांढरी नक्षी ही तर मैदानाची ओळखच ठरली. परंतु कोपऱ्यातील चर्च हलले नाही. ते विकत घेऊन जागा वाढविण्याचा क्लबचा प्रयत्न फसला आणि दोन सज्जांच्या मधल्या फटीतून चर्चची भिंत व छप्पर डोकावत राहिले. रविवारच्या उपासनेला अडथळा होऊ नये म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर सामना ठेवायचा नाही, असा रिवाज पडला. सामन्याच्या दिवशी चर्चच्या सभागृहात गरम चहा मिळे. चॅपेलमधून निघालेला संघ शेवटपर्यंत चर्चच्या सावलीत खेळला, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मैदान आणि मंदिर यांत स्पर्धा असते असे आपण समजतो. येथे त्यांनी शेजारधर्म पाळला.

या मैदानाच्या कीर्तीचे प्रसंग पुष्कळ आहेत. त्यांतील मोजकेच सांगतो. डिक्सी डीन या खेळाडूने १९२७-२८ च्या हंगामात लीगमध्ये साठ गोल केले. ५ मे १९२८ रोजी आर्सेनलविरुद्ध तीन गोल करून त्याने ती संख्या गाठली आणि इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत आजवर ती कोणी ओलांडलेली नाही. १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ग्लॅडिस स्ट्रीटच्या सज्जाची हानी झाली. युद्ध संपल्यावर लोक पूर्वीपेक्षाही मोठ्या संख्येने परतले. १८ सप्टेंबर १९४८ रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला ७८,२९९ प्रेक्षक होते. १९६६ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. त्यांपैकी उपउपांत्य सामन्यात उत्तर कोरियाने पहिल्या पंचवीस मिनिटांत पोर्तुगालवर तीन गोल चढविले. मग पोर्तुगीज अंमलाखालील मोझांबिकमध्ये जन्मलेल्या युसेबियोने एकट्याने चार गोल करून पोर्तुगालला ५-३ असा विजय मिळवून दिला. १९७० साली एव्हर्टनने लीग जिंकली, तेव्हा कोलिन हार्वी, हॉवर्ड केंडल आणि ॲलन बॉल या मधल्या फळीतील तिघांना चाहत्यांनी ‘पवित्र त्रैक्य’ असे नाव दिले होते. धर्मगुरू म्हणून आमच्या भुवया थोड्या उंचावतात; पण माणसाला परमप्रिय गोष्टीसाठी शब्द सुचत नाहीत, तेव्हा तो लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेले शब्दच उचलतो, हेही खरे. १९ ऑक्टोबर २००२ रोजी वेन रूनी हा लिव्हरपूलच्या कॅथलिक शाळांत शिकलेला मुलगा येथे बदली खेळाडू म्हणून उतरला आणि आर्सेनलविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल करून गेला. त्याला सतरावे वर्ष लागायला पाच दिवस कमी होते असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल. सतरा वर्षे पुरी व्हायला पाच दिवस होते.

परंतु केवळ विजयांमुळे जागा प्रिय होत असती, तर एव्हर्टनच्या चाहत्यांनी हे मैदान केव्हाच विसरायला हवे होते. १९९५ मध्ये एफ. ए. चषक जिंकल्यानंतर गुडिसन पार्क सोडीपर्यंत या संघाला एकही मोठे अजिंक्यपद मिळाले नाही. तीस वर्षांचा हा दुष्काळ. तरीही बापाने मुलाला आणि मुलाने नातवाला तेथे नेले. ही निष्ठा यशाच्या पलीकडची आहे आणि तिचे मूळ आम्हांला दोन गोष्टींत दिसते. ते आहे सामायिक दुःखात आणि मृतांच्या स्मरणात.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूल क्लबचे चाहते मृत्युमुखी पडले. पुढील वर्षांत मृतांची संख्या ९७ झाली. दुसऱ्याच दिवशी लिव्हरपूलच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्यात आला. कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक आणि अँग्लिकन बिशप डेव्हिड शेपर्ड हे दोघे शहराच्या दुःखात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हे शेपर्ड म्हणजे १९५२ साली ओव्हलवर भारताविरुद्ध शतक काढणारे इंग्लंडचे फलंदाज. त्या आठवड्यात स्टॅन्ली पार्कमधून एक विलक्षण साखळी गुंफली गेली. गुडिसन पार्कपासून ॲनफिल्डपर्यंत निळे आणि लाल गळपट्टे एकमेकांना बांधले गेले, सुमारे एक मैलभर. १८९२ साली भांडून वेगळे झालेले दोन भाऊ मृत्यूच्या दारात एकमेकांना बिलगले. ज्या उद्यानात सेंट डोमिंगोची मुले प्रथम खेळली, त्याच उद्यानातून ती साखळी गेली होती.

दुसरी गोष्ट मृतांच्या स्मरणाची. १ मार्च १९८० रोजी डिक्सी डीन गुडिसन पार्कमध्ये एव्हर्टन व लिव्हरपूल यांचा सामना पाहत असताना हृदयविकाराने वारला. ज्या मैदानाने त्याला अमर केले, तेथेच त्याचा अंत झाला. परंतु नाव नसलेल्या सामान्य माणसांची कथा आम्हांला त्याहून हृदयस्पर्शी वाटते. अनेक वर्षे चाहत्यांची अंतिम इच्छा म्हणून त्यांची रक्षा मैदानाच्या कडेने पुरली जात असे. आठशेहून अधिक माणसांची रक्षा तेथे आहे. अखेर जागा उरली नाही, म्हणून २००४ मध्ये क्लबला ही प्रथा थांबवावी लागली.

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या सूचनापत्रात, दहन केलेल्या देहाची रक्षा दफनभूमीसारख्या पवित्र स्थळीच ठेवावी, ती उधळू नये किंवा वाटून घेऊ नये, असे सांगितले आहे. त्यामागे एक मोठे कारण आहे. मृत व्यक्ती श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतून व स्मरणातून निसटू नये, ही ख्रिस्तसभेची काळजी आहे. तेव्हा मैदानात रक्षा पुरण्याची प्रथा आम्ही उचलून धरणार नाही. मात्र त्या माणसांना नेमके काय हवे होते, हे नीट पाहिले पाहिजे. आपण गेल्यावर आपली माणसे पुन्हा पुन्हा जेथे जमतील, तेथे आपण असावे. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी त्या बाजूला पाहून आपली आठवण काढावी. विसरले जाण्याचे भय हे माणसाचे आदिम भय आहे. ख्रिस्तसभा आपल्या मृतांना वेदीच्या स्मरणात सांभाळते. ज्यांना ती वेदी परकी झाली होती, त्यांनी आपले जमण्याचे ठिकाण निवडले. या निवडीवर हसण्याआधी, आपल्या दफनभूमीतील जुन्या कबरींवर दोन नोव्हेंबरखेरीज किती मेणबत्त्या पेटतात, हे आपण स्वतःला विचारावे.

असे असूनही मैदान सोडणे भाग होते. चारही बाजूंना घरांच्या रांगा आणि कोपऱ्यात चर्च, त्यामुळे वाढायला वाव नाही. जुन्या खांबांआडून खेळ नीट दिसत नाही. प्रेक्षकांची क्षमता चाळीस हजारांच्याही आत. म्हणून मर्सीच्या काठी, ब्रॅम्ली-मूर या जुन्या गोदीच्या जागी, सुमारे त्रेपन्न हजार क्षमतेचे नवे क्रीडांगण बांधण्यात आले. त्याचीही किंमत शहराने मोजली. २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या ऐतिहासिक बंदराचे नाव जागतिक वारसा यादीतून काढून टाकले; त्यामागच्या कारणांत नदीकाठच्या या नव्या बांधकामांचाही उल्लेख होता. एक वारसा सोडून नवे घर बांधताना दुसऱ्या वारशालाही धक्का लागला. नव्या मैदानावर लीगचा पहिला सामना झाला २४ ऑगस्ट २०२५ रोजी. गुडिसन पार्कच्या उद्घाटनाला त्याच दिवशी १३३ वर्षे पूर्ण झाली.

जुन्या करारातील एज्राच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिराचा नवा पाया घातला. तरुण आनंदाने जयघोष करू लागले; ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते वृद्ध मात्र मोठ्याने रडू लागले. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की रडणे कोणते आणि जयघोष कोणता, हे कळेना. लिव्हरपूलमध्ये त्या वर्षी असेच घडले. पवित्र शास्त्राने त्या रडणाऱ्या वृद्धांना दोष दिलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता या इतिहासातील एक पान सांगायचे राहिले आहे. चाहते गुडिसन पार्कला प्रेमाने ‘ग्रँड ओल्ड लेडी’ म्हणतात, म्हणजे घरंदाज वृद्धा. या घरंदाज वृद्धेच्या दारातून एकदा स्त्रियांनाच परत पाठविण्यात आले होते. डिसेंबर १९२० मध्ये, नाताळच्या दिवसांत, येथे स्त्रियांचा एक सामना झाला. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातील कामगार मुलींचा संघ विरुद्ध सेंट हेलेन्सचा महिला संघ. सुमारे ५३ हजार लोक आत होते आणि हजारो लोकांना जागेअभावी बाहेर राहावे लागले. हा सामना धर्मादाय कार्याच्या मदतीसाठी होता आणि तीन हजार पौंडांहून अधिक निधी जमला. याचे बक्षीस काय मिळाले? अवघ्या वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना शोभत नाही असे ठरवून आपल्या सर्व क्लबांना त्यांची मैदाने महिलांच्या सामन्यांना न देण्याचा आदेश दिला. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. ज्या जागेवर आपले एवढे प्रेम असते, तिच्या दाराबाहेर आपण कोणाला उभे ठेवले, हे स्मरणग्रंथात सहसा छापले जात नाही.

गुडिसन पार्क पाडून तेथे घरे आणि लोकोपयोगी इमारती बांधण्याची योजना ठरलेली होती. परंतु मे २०२५ मध्ये, निरोपाच्या सामन्याला काही दिवस उरले असताना, क्लबने नवा निर्णय जाहीर केला. मैदान पाडायचे नाही. एव्हर्टनच्या महिला संघाला ते घर म्हणून द्यायचे. २०२५-२६ च्या हंगामापासून महिला संघ तेथे खेळू लागला. त्यामुळे लीचची निळी-पांढरी नक्षी राहिली, सेंट ल्यूकच्या चर्चला शेजार राहिला आणि त्या आठशे माणसांच्या रक्षेवरून यंत्रे फिरण्याचे टळले. ज्यांना एकेकाळी या मैदानांचे दार बंद करण्यात आले, त्यांच्याच लेकीनातींमुळे ते मैदान वाचले. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड कोनशिला होतो, हे आपण दर पुनरुत्थानाच्या काळात ऐकतो. त्याचा एवढा लौकिक प्रत्यय क्वचित येतो.

या सर्व इतिहासातून आम्ही जो बोध घेतो तो असा. जागेवरील प्रेम खोटे नसते आणि त्यासाठी आलेले अश्रू लाजिरवाणे नसतात. परंतु त्या प्रेमाची परीक्षा निरोपाच्या वेळी होते. जागा आपल्याबरोबर संपावी असे वाटणे हा मोह झाला. आपण गेल्यावर ती कोणाच्या तरी उपयोगी पडावी, विशेषतः ज्यांना आपण पूर्वी आत घेतले नाही त्यांच्या, असे वाटणे हे प्रेम झाले. आपल्या धर्मग्रामांतही जुनी चॅपेले आहेत, शाळांची मैदाने आहेत, क्रूसांभोवतीची अंगणे आहेत. काही पडतील, काही विकली जातील, काहींच्या जागी मोठ्या इमारती येतील. त्यांच्या भवितव्याचा विचार करायला पॅरिश कौन्सिलची सभा भरेल, तेव्हा किंमत किती येईल हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. त्याच्या आधी दुसरे दोन प्रश्न विचारले जावेत, एवढीच आमची विनंती आहे. या मातीत कोणाकोणाच्या आठवणी आहेत? आणि या दाराबाहेर आजवर कोण उभे राहिले आहे?